सहाव्या जागेवरील बदल

मी इतिहासाचा शिक्षक. तरीही या स्मरणिकेत रक्ताविषयी लिहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत ‘सिकलसेल’ हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. कोणी त्याला कुळाचा दोष मानतात, तर कोणी वेदनेने कण्हणाऱ्या मुलालाच आळशी ठरवतात.

विज्ञानाने दाखविलेले कारण निराळे आहे. हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे असते. या आजारात त्यातील बीटा साखळीच्या १४६ अमिनो आम्लांपैकी केवळ सहावे बदललेले असते : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. त्यामागे डीएनएतील एकाच न्यूक्लिओटाइडचा बदल आहे. केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ मध्ये एका अमिनो आम्लाचा हा फरक दाखविला. तो एवढा घातक का, हे मात्र मॅक्स पेरुत्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना उलगडल्यानंतरच्या अभ्यासातून कळले. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. प्राणवायू सोडताना हिमोग्लोबिनचा आकार बदलतो, तेव्हा एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत बसते. रेणूंचे असे ताठ दोर बनतात; पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात.

शरीरातील पाणी घटले की पेशीत हिमोग्लोबिनची दाटी वाढते व दोर लवकर बनतात. म्हणूनच अशा विद्यार्थ्याला वसतिगृहात वारंवार पाणी, थंडीत ऊब आणि तापावर तत्काळ उपचार मिळाले पाहिजेत. मैदानावर त्याच्यावर सक्ती नको.

१९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील या लक्षणाची नोंद प्रसिद्ध केली. मात्र हेच जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य सागराच्या काठीही आढळते. मलेरियाच्या प्रदेशांत ते टिकले, कारण त्याची एकच प्रत असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. मग हा एखाद्या जातीचा कलंक कसा? जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिसंहारा’च्या प्रबंधात मांडले होते.

वाहक हा रुग्ण नव्हे. परंतु आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सोयरीक जुळविताना आपण पत्रिका पाहणे सोडले. आता रक्ततपासणीचा कागद न लाजता एकमेकांपुढे ठेवू या.