एक बोर

संक्रांतीनंतरचा रविवार. बोरी अरबच्या आमच्या अंगणात धाकट्या नातवाचं बोरन्हाण होतं. बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या असं सगळं त्याच्या डोक्यावरून ओतलं अन् गल्लीतली लेकरं लुटायला धावली. चार वर्षांची छकुली मागं राहिली. मीच म्हटलं, "पय, माय, पय! उचल अन् टाक तोंडात!"

धावता धावता ती हसली अन् तोंडातलं बोर घशात गेलं. आवाज बंद. ओठ निळे पडायला लागले. मी तोंडात बोट घालायला गेलो, तर सुनेनं हात झटकला. "बोट नका घालू, मामाजी, आणखी आत जाईन!" तिनं छकुलीला पुढं वाकवलं अन् दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात थापा मारल्या. चौथ्या की पाचव्या थापेला बोर अंगणात पडलं. पोरगी रडली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

पण त्या रात्रीपासून तिनं घास गिळणं सोडलं. दूध प्यायची, ताक प्यायची. भात दिला तर गालात धरून ठेवायची, मग हळूच थुंकायची. "अटकते," एवढंच म्हणायची. आधी समजावलं, मग चॉकलेटचं आमिष दाखवलं, मग दटावलं. एका संध्याकाळी मी तिचे गाल दाबून घास कोंबला. तिनं ओकून टाकलं. त्यानंतर माझ्या हातात ताटली दिसली की ती बाजेखाली लपायची. तीन आठवड्यांत फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी घसा, छाती सगळं तपासलं. काही बिघडलेलं नव्हतं. त्यांनी कागदावर दोन नळ्या काढल्या, पुढं श्वासाची, मागं अन्नाची. गिळताना श्वासाच्या नळीवर झाकण पडतं. पण हसताना, धावताना आपण एकदम श्वास ओढतो, तेव्हा ती उघडी असते अन् घास तिकडं जातो.

"ती नाटक करत नाही, आबा," बाई म्हणाल्या. "खरंच घाबरली आहे. कोंबाल तर भीती वाढेल. पातळापासून सुरू करा, तिच्या हातानं खाऊ द्या. अन् खाताना तिच्या तोंडाकडं पाहत बसू नका. वजन आणखी उतरलं किंवा दूध-पाणीही बंद झालं, तर मात्र लगेच आणा."

पातळ म्हणजे आमच्याकडं आंबील. मग ज्वारीच्या कण्या, आधी ताकात पातळ, मग घट्ट. एक दिवस पुढं जायची, दोन दिवस मागं यायची. सगळ्यात अवघड काम माझं होतं. नजर तिच्या गळ्यावरून हटायचीच नाही. ती घास तोंडात घ्यायची, माझ्याकडं पाहायची अन् थांबायची. माझ्या तोंडावरची भीती तिला दिसत होती.

हरभरा सोंगणीला तिला अडाणकाठच्या वावरात नेलं. दुपारी बाया कडुनिंबाखाली शिदोऱ्या सोडून बसल्या. भाकर, वरण, ठेचा. एकीनं वरणात भाकर कुस्करून वाटी तिच्यापुढं सरकवली अन् आपल्या गप्पांत रमली. मी उठलो, बैलांना पाणी पाजायला गेलो. वळून पाहायचं नाही, असं ठरवूनच. परत आलो तेव्हा वाटी अर्धी रिकामी होती. मी काहीच बोललो नाही.

अख्खी भाकर चावून खायला पाडवा उजाडला.

लहान लेकराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बी असलेली बोरं देऊ नये, खाताना पळवू नये, हे मला साठी उलटल्यावर कळलं. पुढच्या संक्रांतीला बोरं होती, पण लुटीत नव्हती. बी काढून, चिरून ताटलीत ठेवली होती. मी ओसरीवर उभ्याउभ्याच एक फोड उचलली.

"आबाजी," छकुली म्हणाली, "खाली बसून खा ना."

मी बसलो.