पुणे–बेंगळुरू : दीड तासाचा हिशेब

‘मुलगा बेंगळुरूला असतो’ हे वाक्य आता पुण्या-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत ऐकू येते. पुढचा प्रश्न ठरलेला : जायला वेळ किती लागतो? उत्तरही ठरलेले : विमानाने दीड तास. उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे.

या दोन शहरांत सरळ रेषेतले अंतर सुमारे ७३५ किलोमीटर, आणि रस्त्याने साधारण ८४०. म्हणजे घाट-वळणे धरूनही रस्ता शंभरएक किलोमीटरच जास्त! फरक पडतो तो वेगाचा. पण विमानाचा वेग फक्त आकाशात. कोथरूडहून लोहगाव गाठायला तास, तिथे दोन तास आधी हजेरी, मग उड्डाण, उतरल्यावर सामानाची वाट. आणि खरी परीक्षा त्यानंतर. २४ मे २००८ रोजी बेंगळुरूचा विमानतळ शहरातल्या एचएएलहून देवनहळ्ळीला गेला, शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटर दूर. मुलाचे घर दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल तर गर्दीच्या वेळी आणखी दोन तास धरावेत. घराच्या दारापासून दारापर्यंत सहा-सात तास सहज होतात.

रस्त्याचा मार्ग म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८. सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. मोटारीने थांबत-थांबत गेले तर चौदा तास लागतात. हुबळी जवळजवळ निम्म्यावर येते, तेव्हा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तिथे मुक्काम करावा. धारवाडचा पेढा घ्यावा, दावणगेरेला लोण्याचा डोसा खावा. तो चुकवून पुढे गेलेल्या माणसाची मला कीवच येते.

याच दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरे गावी शहाजीराजांची समाधी आहे. १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. विजापूरकरांकडून त्यांना बेंगळुरूची जहागीर मिळालेली होती. जिजाऊ आणि बाल शिवाजी पुण्याहून त्यांच्याकडे गेले, तेव्हा या वाटेला किती मुक्काम पडले असतील! महामार्ग सोडून थोडे आत जावे लागते, पण सवड असेल तर अवश्य जावे.

रात्रीची स्लीपर बस संध्याकाळी निघून सकाळी पोहोचते. नोकरदाराची रजा वाचते, हा तिचा मोठा गुण. पण गुडघे दुखणाऱ्या आईला वरच्या बर्थवर चढवणे, किंवा मधुमेही वडिलांना स्वच्छतागृहासाठी ढाब्याची वाट पाहायला लावणे योग्य नव्हे. खालचा बर्थ आधीच मागून घ्यावा, आणि थांबे कुठे आहेत हे तिकीट काढतानाच विचारावे.

आणखी एक गोष्ट तिकिटाआधी पाहावी : मुलाचा पत्ता. बस तुमकूर रस्त्याने पीण्या, यशवंतपूरकडून शहरात शिरते, त्यामुळे त्या बाजूला घर असेल तर बस जवळची. घर हेब्बाळ-येलहंकाकडे असेल तर विमानतळ जवळ पडतो आणि दीड तासाचे ते उत्तर बरेचसे खरे ठरते. मात्र आजारपणाचा फोन रात्री अकराला आला, तर सकाळच्या विमानाचे तिकीट काढावे. रात्रभर स्वतः गाडी हाकत निघू नये.