खाडीवाटे दाभोळ

भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित अगदी सोपं. तिथीची पाऊणपट करायची. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. मी इतकी वर्षं वर्गात भूगोल शिकवला, चंद्र-सूर्याच्या ओढीची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली, पण हे गणित मला सासऱ्यांनी सांगितलं. त्यांच्या काळी मुंबईहून बोटीने दाभोळला उतरायचं आणि तिथून लाँचने वाशिष्ठीच्या खाडीत आत यायचं. ती लाँच घड्याळावर नाही, पाण्यावर सुटायची म्हणे. पावसाळ्यात बोटच बंद, मग गावाला जायचं नावच नको.

ह्यांच्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्याच रस्त्याने सुरू झाल्या. गाव खाडीकाठी. घर विकलं त्यालाही बरीच वर्षं झाली, त्यामुळे जायला काही निमित्त उरलं नव्हतं. आता निमित्त निघालं ते डोळ्यांचं. गेली चार वर्षं ह्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. इंजेक्शनं झाली, गोळ्या चालू आहेत. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. पेपर सुटला. मी खोलीत आले हे कळतं, पण हसतेय की रागावलेय ते आवाजावरून ओळखतात (ह्याचा ते फायदाही घेतात!). तर एक दिवस म्हणाले, "खाडीने एकदा दाभोळपर्यंत जाऊ या. नंतर जमेल न जमेल."

माघातली शुद्ध दशमी धरली. गोवळकोटजवळून मशीन लावलेली एक छोटी होडी ठरवली. भरती समुद्राकडून इतक्या आत यायला वेळ घेते, म्हणून नावाडी म्हणाला साडेआठला निघू, मग ओहोटीच आपल्याला नेईल. मुलीने फोनवर "बाबांना काय दिसणार तिथे?" असं विचारलं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

पण होडीत बसल्यावर गंमत कळली. गाडीतून जाताना जे बघायचं ते समोर येतं आणि सर्रकन जातं. खाडीत समोर बघण्यासारखं काही नसतंच, नुसतं पाणी. जे काय आहे ते दोन्ही काठांना. तिवरांची हिरवी भिंत, मधे एखादी माडांची वाडी, पाण्यावर वाकलेली फांदी, तिच्यावर खंड्या. हे सरळ पुढे नजर लावून बसले होते आणि दोन्ही काठ त्यांना दिसत होते. मी सवयीने सांगायला लागले, "अहो, डावीकडे बगळे..." तर म्हणाले, "बाई, आज तास नको." मग मी गप्प बसले.

दीडेक तासाने पाणी उतरलं आणि काठाचा चिखल उघडा पडला. तिथे ह्यांनी अचानक हात केला, "तिकडे काहीतरी सरकलं." मला आधी ओंडकाच वाटला. मगर होती, उन्हाला आलेली. आपल्याकडे तिला सुसरच म्हणतात. डोळ्याच्या कडेला हालचाल लवकर टिपता येते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते असं कामाला येईल असं काही त्यांच्या मनात नसावं.

नावाडी अधूनमधून बोलत होता. गाळाबद्दल जास्त. 22 जुलै 2021 च्या पुराने चिपळूण बुडालं, त्यानंतर वर नदीतला गाळ काढला, पण खाली जुन्या लाँचचे मार्ग आता ओहोटीला सांभाळूनच घ्यावे लागतात म्हणाला. कोयनेचं पाणीही ह्याच नदीत येतं. पूर्वेला कृष्णेकडे जायचं ते पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत पडतं, म्हणून ती उन्हाळ्यातही कोरडी पडत नाही. हे मी दरवर्षी शिकवायची. त्या पाण्यावर बसून मात्र पहिल्यांदाच ऐकत होते.

खेडकडून जगबुडी येऊन मिळते तिच्या आसपास कुठेतरी ह्यांनी बोलणं बंद केलं. मग हळूच नावाड्याला म्हणाले, "आता वळण येईल. वळणानंतर मशीन जरा बंद कर." तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. वळण आलं. मशीन थांबल्यावर केवढी शांतता! होडी नुसती पाण्याबरोबर जात होती. काठाला काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या, खालच्या चार-पाच कालवांनी भरलेल्या, वरच्यांवर तिवरं उगवलेली. ह्यांनी तोंड मुद्दाम दुसऱ्या काठाकडे वळवलं. ज्याच्याकडे बघायचं त्याच्यापासून नजर बाजूला घ्यावी लागते ना. कोणी तिऱ्हाइताने पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, ह्या गृहस्थांना त्या पायऱ्या बघायच्याच नाहीत.

"आजी सर्वांत वरच्या पायरीवर उभी असायची," म्हणाले. "खाली यायची नाही. पाण्याला भ्यायची."

पायऱ्या मागे पडेपर्यंत कोणी बोललं नाही. नावाड्यानेही त्यांनी सांगेपर्यंत मशीन सुरू केलं नाही. पोरगं पंचविशीचं असेल, पण समज होती.

पुढे खाडी खूप रुंद होते आणि काठ लांब जातात. ह्यांना मग नुसता उजेड दिसत होता. दाभोळ जवळ आलं तसं मीच सांगितलं, धोपाव्याहून फेरीबोट येतेय, दोन गाड्या आणि बरीच माणसं आहेत, मशिदीचा घुमट दिसतोय. ह्या वेळी त्यांनी "तास नको" म्हटलं नाही. उलट विचारलं, "आणि पलीकडे गोपाळगड?" तो उन्हाच्या धुरकटीत मलाही धड दिसत नव्हता. तसं सांगितलं.

दाभोळला उतरून एका घरगुती खाणावळीत बांगड्याचं कालवण आणि भात जेवलो. काटे ह्यांनी बोटांनी स्वतःच काढले. दोन वाजले होते. एसटीला अवकाश होता.