मधला स्पीकर

आमच्या दिवाणखान्यात होम थिएटर आणावे की आणू नये, यावर आम्हा उभयतांत फारसा वाद झाला नाही. तो व्हायला हवा होता, असे आता वाटते. कारण वाद झाला असता तर हे सारे कोणासाठी आणायचे, हा प्रश्न तरी निघाला असता. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. चांगले ऐकण्याची आवड दोघांनाही आहे. त्या आवडीची आणि वेतनातील थकलेल्या फरकाची एकाच महिन्यात गाठ पडली, आणि एका रविवारी सात खोकी घरात येऊन दाखल झाली. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि या सर्वांना ताब्यात ठेवणारा रिसीव्हर.

निमित्त मात्र आप्पांचे सांगितले गेले. आप्पा म्हणजे आमच्यापैकी एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. वय 81. हयातभर शाळेत मराठी शिकवले. आता चार वर्षांपासून आमच्याकडे असतात. टीव्ही पाहताना त्यांची एक तक्रार असे: "आवाज येतो, शब्द येत नाहीत." हे वाक्य आम्ही वारंवार ऐकले आणि आवाज कमी पडतो, असा त्याचा अर्थ लावून मोकळे झालो. संहितेच्या सूक्ष्म वाचनावर विद्यार्थ्यांना व्याख्याने देणाऱ्या दोघांनी इतके सरळ वाक्य इतके चुकीचे वाचावे, हे कबूल करताना संकोच वाटतो.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती. ती मात्र आम्ही एकमेकांनाही सांगितली नव्हती. विनोदी प्रसंग चालू असला की आप्पा हसत, पण क्षणभर उशिरा. आधी ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहत आणि मग हसत. "काय म्हणाला तो?" असे विचारणे त्यांनी नेमके केव्हा थांबवले, हे आम्हा दोघांपैकी कोणालाही सांगता येत नाही.

दुकानातून आलेल्या मुलाने तासाभरात सर्व काही बसवून दिले. दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, दोन मागच्या भिंतीवर छताच्या कोपऱ्यांत, सबवूफर खिडकीखाली, आणि मधला आडवा स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात, आत ढकलून. मग त्याने कसल्याशा परदेशी चित्रपटातील पाठलाग लावला. हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडे गेले, काचा फुटल्या, शोकेसमधल्या कपबश्या किणकिणल्या. आम्ही प्रसन्न झालो. आप्पा दोन मिनिटे बसले, "छान आहे हो," म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. त्यानंतरचे दहा दिवस ते दिवाणखान्यात फारसे आलेच नाहीत.

माहितीपुस्तिका वाचायला घेतली ती या अकराव्या दिवशी. वाचता वाचता पहिला धक्का बसला तो मधल्या स्पीकरविषयी. पाच अधिक एक अशा या रचनेत आम्ही त्याला दुय्यम समजत होतो. दिसायला तो लहान आणि अडगळीत बसवलेला. प्रत्यक्षात चित्रपटातील बहुतेक सगळे संवाद त्याच्याकडे सोपवलेले असतात. बाजूचे दोघे संगीत आणि विस्तार सांभाळतात, मागचे दोघे वातावरण आणि सबवूफर गडगडाट. बोलतो तो मधला. आणि आम्ही नेमका त्यालाच लाकडी कप्प्यात कोंडून ठेवला होता. त्याचा ध्वनी कप्प्याच्या बाजूंवर आपटून घुमत होता आणि जो बाहेर येत होता तो आमच्या गुडघ्यांशी बोलत होता.

दुसरा धक्का अधिक वैयक्तिक होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची स्पीकरच्या मांडणीविषयी एक शिफारस आहे. श्रोत्याला केंद्र मानून मधला स्पीकर अगदी समोर, पुढचे दोन स्पीकर त्याच्या दोन्ही बाजूंना 30 अंशांवर आणि मागचे दोन 100 ते 120 अंशांदरम्यान ठेवावेत, असे ती सांगते. म्हणजे आधी श्रोता ठरवायचा आणि मग सारे त्याच्याभोवती मांडायचे. आमचा श्रोता कोण होता? मुलाने मोजमाप करण्याचा छोटा मायक्रोफोन आमच्या सोफ्याच्या मध्यावर ठेवला होता, कारण तेव्हा तेथे आम्ही बसलो होतो. आप्पांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी, डाव्या स्पीकरपासून चार फुटांवर आणि मधल्यापासून दहा फुटांवर. ध्वनीला फूटभर अंतर कापायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. आप्पांच्या कानी डावीकडचे संगीत आधी आणि मोठ्याने येई. संवाद मागाहून, दबलेला. ज्यांच्या नावाने खरेदी झाली त्यांना आम्ही मांडणीत कोठे धरलेच नव्हते.

त्यांचे ते वाक्य आता नव्याने वाचावे लागले. उतारवयात श्रवणशक्ती ओसरते ती साधारणतः वरच्या पट्टीपासून. स्वर खालच्या पट्टीत असतात, भारदस्त असतात. ते टिकून राहतात. स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने म्हणजे बहुतांशी वरच्या पट्टीतली फुंकर किंवा क्षणिक स्फोट. तीच आधी निसटतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. आप्पांनी एखाद्या ध्वनिशास्त्रज्ञाच्या काटेकोरपणाने आपली अवस्था सांगितली होती. त्यावर आवाज चढवला तर स्वर अधिक मोठे होतात आणि व्यंजनांना झाकून टाकतात, शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर बोचू लागतो. "ओरडू नका गं" हे त्यांचे दुसरे नेहमीचे वाक्य. पहिल्याशी ते विसंगत आहे, असे आम्ही समजत आलो होतो.

वर्गात आम्ही दरवर्षी आनंदवर्धन शिकवतो. 'ध्वनी' ही संज्ञा त्याने वैयाकरणांकडून घेतली, आणि वाच्यार्थामागून येणाऱ्या सूचित अर्थाला अनुरणनाची, म्हणजे घंटेच्या मागून उमटत राहणाऱ्या नादाची, उपमा दिली गेली, हे फळ्यावर लिहितो. 'व्यंजन' आणि 'व्यंजना' हे दोन्ही शब्द प्रकट करणे या अर्थाच्या एकाच धातूपासून निघाले, हेही सांगतो. मात्र ज्याच्या कानातून व्यंजनेच निघून गेली आहेत, त्याच्यापर्यंत व्यंजना कशी पोहोचावी, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. अनुरणनासाठी आधी टोला ऐकू यावा लागतो.

खोलीचाही दोष होता. या बाबतीत एक जुनी हकिगत शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावी अशी आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह उघडले आणि तेथे व्याख्यात्याचे बोलणे कोणाला समजेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात वक्ता दहाबारा शब्द पुढे गेलेला असे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर हे काम सोपवण्यात आले. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तो रात्री व्याख्यानगृहात आणून मांडी, ऑर्गनच्या नळीचा नाद किती वेळ टिकतो ते मोजी, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवी. खोलीचे आकारमान, तिच्यातील शोषक पृष्ठभाग आणि नाद रेंगाळण्याचा काळ यांचे नाते त्याने यातून शोधून काढले. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर घातला गेला. व्याख्यात्याने मोठ्याने बोलावे, असा उपाय त्याने सुचवला नाही.

आमचा दिवाणखाना चौदा फूट लांब, दहा रुंद. खाली फरशी, भिंती उघड्या. आम्ही सॅबाइनच्या मार्गाने निघालो. आप्पांची खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर आणली, भिंतीला न टेकवता तीन फूट पुढे. सोफा बाजूला गेला. मग आमच्यापैकी एकाने त्या खुर्चीत बसायचे आणि दुसरीने भिंतीवरून हातआरसा सरकवत न्यायचा. आरशात जेथे स्पीकर दिसतो, तेथूनच ध्वनी परावर्तित होऊन कानाकडे येतो. एका बाजूला त्या ठिकाणी पुस्तकांचे कपाट आणले. कमीअधिक जाडीच्या पुस्तकांची रांग ध्वनीला विस्कटून टाकते. दुसऱ्या बाजूला आजीची गोधडी टांगली. जमिनीवर सतरंजी आली. मधला स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला आणि खाली रबरी पाचर देऊन त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवले.

सबवूफरने मात्र आमची पुरती शोभा केली. चौदा फुटांच्या खोलीत सुमारे 40 हर्ट्झच्या आसपास ध्वनी लांबीच्या दिशेने अडकून बसतो. काही जागी तो गडगडतो, काही जागी नाहीसा होतो. योग्य जागा शोधण्याची रीत अशी, की सबवूफर श्रोत्याच्या खुर्चीत ठेवायचा, खर्जातले संगीत लावायचे आणि आपण जमिनीवर रांगत जेथे तो स्वच्छ ऐकू येईल ती जागा हेरायची. आम्ही दोघे असे रांगत असता आप्पा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "काय हरवलंय?"

आम्ही उत्तर दिले ते रांगतच आणि त्यांच्याकडे पाठ करून. त्यांना ते ऐकू गेले नाही. ते मान डोलावून आत गेले.

त्यातच तारा लांबवताना डाव्या स्पीकरच्या लाल आणि काळ्या तारेची आमच्याच हातून अदलाबदल झाली. दोन्ही स्पीकर वाजत होते, बिघाड कोठेच दिसत नव्हता. पण एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. खर्ज पातळ झाला, आणि गाण्यातला आवाज नेमका कोठून येतो ते कळेनासे झाले. दोघांनीही आपापल्या जागी जोराने बोलावे आणि मध्ये बसलेल्याला काहीच मिळू नये, हा प्रकार आमच्या घराला अगदीच अपरिचित नव्हता. तार उलटवून लावली.

शेवटी मायक्रोफोन आप्पांच्या खुर्चीत, त्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, कुकरची वेळ टाळली. यंत्राने पाचही स्पीकरांमधून एकेक फुसकारा सोडून अंतरे मोजली. त्यावर आम्ही मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली आणि एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमी केला.

त्या संध्याकाळी आप्पांना बोलावून 'संत तुकाराम' लावला. प्रभातचा 1936 सालचा चित्रपट. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. त्यांपैकी दामले ध्वनिमुद्रणातलेही जाणकार. ध्वनिपट्टी अर्थातच एकपदरी. डाव्या आणि उजव्या वाहिन्यांत तंतोतंत तेच असले की आमचा रिसीव्हर ते सारे मध्ये पाठवतो. त्यामुळे घडले असे, की इतक्या खटाटोपाने मांडलेल्या पाच स्पीकरांपैकी चार गप्प बसले. सबवूफरनेही हूं की चूं केले नाही. केवळ मधला बोलू लागला. विष्णुपंत पागनीस बोलले, आवली करवादली. मुद्रणात खरखर होती; पण उच्चार रंगभूमीच्या शिस्तीतले, आणि शब्दांवर चढून बसणारे पार्श्वसंगीत नाही.

आवलीच्या एका फटक्याला आप्पा हसले. ते आमच्याआधी हसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पुढचा प्रसंग आम्हाला दोघांनाही नीट दिसला नाही. नंतर पडद्यावर पद सुरू झाले तेव्हा त्यांनी शिक्षकी आवाजात बजावले, "हा तुकोबांचा अभंग नव्हे बरं का. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलाय. वर्गात मुलं हमखास चुकायची."

हा चित्रपट त्यांना पाठ आहे, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल. आम्हालाही तसे वाटले. म्हणून चारपाच दिवसांनी त्यांनी न पाहिलेला, अलीकडचा एक मराठी चित्रपट लावला. त्यात पात्रे पुटपुटत होती, रस्त्यावर वाहने होती. अर्ध्या तासाने आप्पा पुढे झुकले आणि त्यांनी विचारले, "काय म्हणाला तो?"

शब्द निसटला होता; म्हणजे आमचा प्रयोग फसला होता. तरी तो प्रश्न ऐकून आम्हाला जे वाटले ते आवलीच्या प्रसंगी वाटले त्याहून मोठे होते. सगळेच निसटत असले की माणूस विचारणे सोडून देतो. चारातला एक निसटला तर विचारतो. चित्रपट थांबवून, समोर जाऊन, सावकाश सांगितले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हं. आता लाव."

पुढच्या महिन्यात ते कान तपासून घ्यायला तयार झाले. दोन वर्षे टाळत होते. श्रवणयंत्र आले आहे, त्याच्याशी रोज थोडी झटापट चालते. गेलेली सगळी व्यंजने परत येत नाहीत, हे आम्हा तिघांनाही आता ठाऊक आहे. बदल झाला तो आमच्यात. दोन वर्षे आम्ही आप्पांशी स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना, पाठमोरे किंवा चालता चालता बोलत होतो. ऐकू गेले नाही की तेथूनच आवाज चढवत होतो. जागचे मात्र कधी हललो नव्हतो. आता ओट्याशी असलो तर मिक्सर बंद करून बाहेर येतो, त्यांच्या समोरच्या मोढ्यावर बसतो आणि मग बोलतो. कधी तेवढ्यासाठी उठण्याचा कंटाळा येतो आणि जुन्या सवयीने आतूनच हाक जाते. तेव्हा बाहेरून उत्तर येत नाही, आणि कोणाला उठायचे आहे ते आम्हाला समजते.