बाक की दिवा?

मी आमच्या आळीच्या रहिवासी मंडळाचा चिटणीस आहे. या पदाला पगार नाही आणि अधिकार तर मुळीच नाही; पण निवृत्त माणसाला कुणी ‘चिटणीससाहेब’ म्हटले की मूठभर मांस चढते, एवढे खरे!

पुण्याच्या महापालिकेने २००६ साली एक चांगली प्रथा सुरू केली. पुढल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या भागासाठी काय घ्यावे, हे नागरिकांनीच अर्ज भरून सुचवायचे. एका कामाला मर्यादा पाच लाखांची. आम्ही लगोलग गच्चीवर सभा बोलावली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या कशा दिल्या, कारभार लोकांच्या दाराशी कसा आणला, हे मी मोठ्या रुबाबात सांगितले. मग वडाखाली बाक मागायचे एकमताने ठरले. संध्याकाळी बसायला आम्हा म्हाताऱ्यांना जागा नको का?

एवढ्यात चहाचे कप गोळा करायला आमच्या धुणेभांडी करणाऱ्या मावशी आल्या. माझ्या हातातला अर्ज पाहून म्हणाल्या, “काका, यात दिवा मागता येतो का हो? मागच्या बोळात पार अंधार आहे. पहाटे येताना पाय चाचपत टाकावा लागतो. आषाढात तिथंच तर पडले मी.”

मी गप्पच झालो. आषाढात मावशींचे मनगट मोडले, तेव्हा त्यांचे खाडे मी कॅलेंडरवर नेमके मांडले होते. त्या पडल्या कुठे, हे मात्र विचारले नव्हते. आणि आता त्यांच्याच हातचा चहा घेऊन मी लोकशाहीवर बोलत होतो!

‘बाक’ खोडून मी ‘दिवा’ लिहिले. एकदोघे कुरकुरले. मावशींपुढे लेखणी धरली, तर त्या मागे सरल्या. “मी कुठली इथली? माझं घर त्या पलीकडच्या वस्तीत.”

“वस्ती याच प्रभागात आहे ना? मग सही करा.”

दुखऱ्या हाताने, एकेक अक्षर जुळवीत, त्यांनी सही केली. माझी त्यांच्या खाली आहे.

पुढल्या वर्षी दिवा आला. बाक काही आला नाही. संध्याकाळी आम्ही वडाच्या कठड्यावरच टेकतो, कंबर कुरकुरते. पण पहाटे बोळातून मावशींची पावले ऐकू येतात, ती आता भराभर पडतात.