फुकट आणि मोकळे

इंग्रजी भाषा मोठी श्रीमंत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण या श्रीमंतिणीच्या घरातही एक चणचण आहे. जे पैसे न देता मिळते ते, आणि जे कोणाच्या बंधनात नाही ते, या दोहोंसाठी तिच्याजवळ एकच शब्द आहे : 'फ्री'. या बाबतीत आपण मराठी माणसे सुखी आहोत. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मोकळे' वेगळे. फुकटचा चहा पिणारा माणूस आणि मोकळ्या मनाचा माणूस यांची गल्लत आपण सहसा करीत नाही.

या एका शब्दाच्या टंचाईने कॉम्प्युटरच्या जगात मोठा घोटाळा करून ठेवला आहे. 1983 साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी जाहीर केले, की आपण एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करणार. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातला कारभारीच म्हणा ना! त्याच्यावाचून तिथले पान हलत नाही. स्टॉलमन यांचा कारभारी कोणीही वापरावा, उघडून पाहावा, हवा तसा बदलावा आणि शेजाऱ्यालाही द्यावा, असा होता. पण त्याला 'फ्री' म्हणताच लोकांना वाटले, फुकट! हा घोटाळा टाळण्यासाठी 1998 साली काही मंडळींनी 'ओपन सोर्स' असे दुसरे नाव काढले.

विकत मिळणाऱ्या कारभाऱ्याचीही बाजू आहे, आणि ती लेचीपेची नाही. 1976 साली वीस वर्षांच्या बिल गेट्सने हौशी मंडळींना एक अनावृत पत्र लिहिले. आमचे काम तुम्ही पैसे न देता नकलून घेता, मग चांगले काम करणाऱ्याने पोट कसे भरावे, असा त्याचा रोख होता. प्रश्न रास्त होता. पुढे पंधरा वर्षांनी, 1991 च्या ऑगस्टमध्ये, हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जगाला कळवले, की मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, फार मोठे काही नव्हे. तीच पुढे 'लिनक्स' झाली. एका पोराने मोबदला मागितला, दुसऱ्याने वही उघडी टाकली. दोघेही थोर ठरले.

आमच्या घरात हा वाद शिरला तो 2025 च्या दिवाळीच्या तोंडावर. त्या वर्षी 14 ऑक्टोबरला विंडोज 10 ची नेहमीची डागडुजी थांबली. तारीख आधीपासून जाहीर होती. नाव नोंदवणाऱ्यांना आणखी एका वर्षाची मुदतही मिळाली. परंतु पुढच्या विंडोज 11 ला नव्या घडणीचे यंत्र लागते, आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कॉम्प्युटर मागल्या पिढीतला.

"यंत्र चालतंय ना? मग ते म्हातारं कसं झालं?" अण्णांनी विचारले.

"आजोबा, यंत्र चालेल हो. पण त्याची राखण संपली," माझा भाचा म्हणाला. तो या धंद्यातला.

"माझीही पेन्शन चालू आहे अन् राखण तुम्ही करता. मला टाकलंत का?"

यावर कोण काय बोलणार! अण्णा मराठीचे निवृत्त शिक्षक. 1961 साली पानशेतच्या पुरात त्यांच्या वडिलांच्या वह्या वाहून गेल्या. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. आता ऐंशीच्या घरात ते त्या वह्यांतले जे आठवेल ते रोज पानभर टाइप करतात. हे लिखाण पुढे कोणालाही उघडता यावे, त्याची किल्ली आपल्याच घरात असावी, एवढाच त्यांचा हट्ट. पुरात एकदा हात पोळलेल्या माणसाचा तो हट्ट होता, म्हणून मला तो मोडवेना.

आमचे शेजारी चार्टर्ड अकौंटंट आहेत. ते मात्र डोके हलवू लागले. "माझी सगळी कामं विकतच्यावर चालतात. उद्या रात्री दोन वाजता काही बिघडलं, तर कोणाच्या नावानं खडे फोडू?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मोकळ्या घराला घरमालक नसतो. म्हणून भाडे नसते, आणि तक्रारीला जागाही नसते. 2024 च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा मोकळ्या साधनात कोणीतरी चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले. ते साधन वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा माणूस विनावेतन सांभाळीत होता. पण ती चोरवाट सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला काम अर्धा सेकंद उशिरा होते आहे असे जाणवले, म्हणून त्याने खोदून पाहिले. वही उघडी होती म्हणून त्याला पाहता आले. आणि हे गृहस्थ नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये!

अण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी चटकन मान डोलावली. ज्ञानेश्वरी घरोघर नकलून घेत, म्हणून तीत अपपाठ शिरले. आणि ती लोकांच्या हातात होती, म्हणूनच शके 1506 मध्ये एकनाथांना ती शुद्ध करता आली. "तुमचं हे प्रकरण त्यातलंच," ते म्हणाले.

एका रविवारी भाच्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवले आणि अण्णांची संमती मिळताच कायमचे बसवून दिले. प्रिंटर दोन दिवस रुसला होता. मराठीचा कळफलक मात्र जुनाच, इनस्क्रिप्टचा, निघाला. अण्णांच्या बोटांना काही नवे शिकावे लागले नाही. लिखाण आता ओपन डॉक्युमेंट या पद्धतीने साठवले जाते. 2006 पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि तिची घडण कोणालाही वाचता येते. हिशेबाचा लॅपटॉप आम्ही विकतच्या कारभाऱ्याकडेच ठेवला आहे. सौभाग्यवतींचा त्यावर विश्वास आहे, आणि कर भरण्याच्या दिवसांत मला घरात शांतता हवी असते.

अण्णांनी तिसऱ्या दिवशी भाच्याला बोलावले. "याचे पैसे कोणाला द्यायचे?"

"कोणालाच नाही, आजोबा."

"म्हणजे फुकट?" अण्णांचा चेहरा उतरला. ऐंशी वर्षांत त्यांनी कोणाचे फुकट घेतलेले नाही. तेव्हा भाच्याने सांगितले, की यातले मराठी शब्द स्वयंसेवकांनी घातलेले आहेत, आणि चुकीचा वाटणारा शब्द कोणालाही सुधारून पाठवता येतो.

तेव्हापासून अण्णांच्या टेबलावर लाल शाईचे पेन आले आहे. शेजारच्या वहीत 'कृपया पुष्टी करा'सारखी वाक्ये खोडून त्यापुढे सोपे मराठी लिहिलेले असते. दर रविवारी भाचा ती पाने कुठे कुठे पाठवतो. काही सूचना स्वीकारल्या जातात, काही नाकारल्या जातात. नाकारलेल्यांवर अण्णा चिडतात, आणि सोमवारी पुन्हा वही उघडून बसतात.