मेणाची झडप

जबलपूरच्या उन्हाळ्याविषयी सगळेच बोलतात. थंडीविषयी कोणी फारसे बोलत नाही. मे महिन्यात पारा ४३ अंशांपर्यंत चढतो, आणि जानेवारीच्या पहाटे, रस्त्यांवर धुके साचलेले असताना, तोच पारा सहा-सात अंशांवर येऊन थांबतो, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. गावातल्या माणसालाही ते दरवर्षी नव्यानेच कळते. घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली, खिडक्या उन्हाळ्यासाठी काढलेल्या, आणि मोटारीही उन्हाळ्याच्याच धास्तीने सांभाळलेल्या.

रांझीतल्या एका मराठी घरासमोर अशीच एक जुनी मारुती ८०० उभी असे. घराचे मालक व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले फोरमन. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्याने रांझीला तिचे आजचे रूप दिले. त्याआधी १९५९पासून गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले होते. जबलपूरची जोंगा तर आपले जन्मगाव नावातच घेऊन फिरली, कारण ते नाव इथल्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेले होते. या गाड्या लष्कराच्या. त्यांना राजस्थानच्या वाळूतही धावायचे होते आणि हिमालयाच्या बर्फातही. फोरमनसाहेबांची उमेदीची तीस वर्षे तिथे इंजिने तपासण्यात गेली होती, आणि थंड इंजिन हे आजारी इंजिन, हे वाक्य त्यांनी शिकाऊ पोरांना इतक्या वेळा ऐकवले होते की पोरे त्यांच्या माघारी त्याची नक्कल करीत.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्या पत्नीचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, सकाळची पहिली पाळी. सहाला नेपियर टाउनमधल्या रुग्णालयात पोचायचे म्हणजे साडेपाचला घर सोडायचे. डायलिसिसवरच्या माणसाला थंडी अधिक बाधते. अंगात रक्त कमी असते. त्यातून चार तास ते रक्त शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरून येते. यंत्रातला द्रव ३७ अंशांच्या आसपास ठेवलेला असतो, तरी पुष्कळांना शेवटच्या तासात हुडहुडी भरते. फोरमनसाहेब काचेपलीकडून त्या दोन नळ्यांकडे पाहत बसत. एक जाणारी, एक येणारी. येणारी कोमट असेल का, हा प्रश्न त्यांनी तिथल्या तंत्रज्ञाला एकदा विचारलाही होता. त्याने हसून यंत्रावरचा आकडा दाखवला होता.

डिसेंबर लागला आणि गाडीतला हीटर गार वारा फेकू लागला. खरे तर तो आधीपासूनच गार होता. आदल्या हिवाळ्यात पहाटे गाडी बाहेर काढण्याचे कारणच पडले नव्हते, म्हणून कळले नव्हते. दांडी निळ्यावरून तांबड्यावर सरकवली, पंखा पूर्ण सोडला, तरी पायांवर येणारी हवा बाहेरच्या धुक्याइतकीच गार. पत्नी काही बोलत नसत. दोन शाली, वर मफलर, आणि हातमोज्यांतले हात काखेत घेऊन त्या समोर बघत बसत. न बोलण्याचा त्रास फोरमनसाहेबांना अधिक होई.

नेहमीच्या मिस्तरीने बॉनेट उघडले, पंखा ऐकला आणि सांगितले, “बाबूजी, कोर जाम है. पूरा डॅशबोर्ड खोलना पडेगा.” दोन दिवस गाडी ठेवावी लागणार होती. दोन दिवस म्हणजे डायलिसिसची एक पाळी रिक्षातून. त्यांनी गाडी परत आणली.

मोटारीचा हीटर स्वतः काहीच तापवत नाही, हे पुष्कळ जणांना माहीत नसते. जाळून घेतलेल्या पेट्रोलची बरीचशी उष्णता इंजिनाला नकोशी असते. ती पाण्यावाटे रेडिएटरकडे जाते आणि वाऱ्यावर उडून जाते. त्यातलेच थोडे गरम पाणी दोन रबरी नळ्यांनी आत आणून डॅशबोर्डामागच्या एका लहानशा जाळीतून फिरवायचे आणि त्या जाळीवरून पंख्याची हवा सोडायची, एवढाच हा कारभार. म्हणून दुखणे शोधायला हत्यार लागत नाही, हात पुरतो. एक नळी चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर जाळी तुंबली आहे किंवा पाण्याची तोटी बंद आहे. दोन्ही गरम असतील तर दोष हवेच्या वाटेत, झडपेत किंवा तारेत. फोरमनसाहेबांनी गाडी वीस मिनिटे फिरवून आणली आणि दोन्ही नळ्यांना हात लावला. दोन्ही सारख्याच कोमट होत्या. टाकीतले पाणीही पुरेसे होते. मग जाळी कशाला तुंबलेली असेल?

उत्तर पत्नीकडून आले, आणि तेही दोन दिवसांनी, परतीच्या वाटेवर. “अहो, हा काटा पूर्वी मध्यावर यायचा ना? आता खालीच असतो.”

फोरमनसाहेबांनी गाडी कडेला घेतली. उष्णतेचा काटा खरोखरच तळाशी पडून होता. वर्षानुवर्षे दुसऱ्यांची इंजिने तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीचा काटा पाहिला नव्हता. कदाचित काटा वर गेला नाही म्हणजे सगळे ठीक, असे उन्हाळ्याने शिकवलेले डोळे त्यांचेही झाले होते. आणि त्याच क्षणी त्यांना दीड वर्षापूर्वीचा मे महिना आठवला.

नागपूरला भाचीचे लग्न होते. १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. प्रांत तुटला तरी सोयरिकी तुटल्या नाहीत, आणि पावणेतीनशे किलोमीटरचा तो रस्ता इथल्या मराठी घरांना अंगणासारखा वाटतो. परतताना कुरईच्या घाटात गाडी उकळली. सिवनीत एका मिस्तरीने थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला: पाण्याची वाट सताड उघडी झाली की इंजिन तापणारच नाही. हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो, आणि चुकीचा आहे, हे फोरमनसाहेबांना पक्के ठाऊक होते. पण ऊन होते, गाडीत माणसे खोळंबली होती. “निकाल दो,” असे ते म्हणाले होते.

कारखान्यातला माणूस काहीच फेकत नाही. जुन्या खिळ्यांच्या डब्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला तो थर्मोस्टॅट सापडला. मुठीत मावणारी पितळी चकती, मध्ये मेणाने भरलेली लहानशी कुपी. इंजिन गार असते तोवर मेण घट्ट आणि झडप बंद, म्हणून पाणी आतल्या आतच फिरून लवकर तापते. मेण वितळले की फुगते, दांडा ढकलते आणि रेडिएटरची वाट उघडते. कडेला ८२ हा आकडा कोरलेला होता.

तो अजून चालतो का, हे पाहायला पातेले हवे होते. “दुधाचं नको, चहाचं घ्या,” पत्नी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसल्या. दोऱ्याने बांधलेली चकती पाण्यात लोंबत होती, शेजारी जुनी उष्णतामापक नळी. दिवसाला मोजून पाणी पिणाऱ्या त्या बाई पातेल्यातल्या पाण्याकडे टक लावून पाहत होत्या. ७०, ७५, ८०. मग झडपेच्या कडेला केसाएवढी फट दिसली आणि ती हळूहळू रुंद होत गेली.

“म्हणजे हा चांगलाच होता की. मग काढला कशाला?”

“मीच सांगितलं होतं काढायला.”

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी गॅस बंद केला.

पुढचे काम अर्ध्या दिवसाचे. खाऱ्या पाण्याने घरात पांढरा थर धरला होता, तो खरवडला. जाड कागदातून नवे गॅस्केट कापले. हवेच्या भोकातली छोटी पिन वर ठेवून थर्मोस्टॅट बसवला. नळाच्या पाण्याऐवजी या वेळी कूलंट. मग गाडीचे तोंड चढावर करून, झाकण उघडे ठेवून, अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवले. पण उकळण्याचे मूळ कारण तसेच होते, आणि ते शोधल्याशिवाय त्यांना स्वस्थ बसवेना. रेडिएटरच्या पाकळ्यांत धूळ आणि किडे दाटून बसले होते, आणि पंख्याच्या स्विचची तार गंजून जेमतेम चिकटलेली होती. मे महिन्यातला गुन्हा एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला धुके नेहमीसारखेच होते. पहिले दोन किलोमीटर त्यांनी पंखा लावलाच नाही. चौथ्या किलोमीटरच्या सुमारास काटा हलला, चढला आणि मध्याच्या किंचित खाली थांबला. त्यांनी दांडी तांबड्यावर नेली. आधी जुन्या धुळीचा वास आला, मग ऊब.

पत्नींनी हातमोजे काढून दोन्ही तळवे जाळीसमोर धरले. रुग्णालयाचे फाटक दिसू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “येताना पण राहील ना?”

“बाराला आधी खाली येऊन गाडी चालू करून ठेवीन,” ते म्हणाले, आणि गाडी सावकाश आत घेतली.